‘वैमानिकाची चूक’ एवढ्यावरच बातमी थांबू नये

महोदय,

गेल्या पावसाळ्यात हैदराबादहून विमानाने नाशिकच्या ओझर विमानतळावर येत होतो. ओली धावपट्टी, तिच्या कडेचे गवतसुद्धा दिसू लागले होते आणि एकदम इंजिनांचा आवाज चढला. विमान पुन्हा ढगांत शिरले. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘पायलट नवशिका दिसतोय.’ मीही मान डोलावली. दुसऱ्या खेपेला विमान नीट उतरले. वैमानिक दाराशी उभे होते. आम्ही त्यांच्याकडे न बघताच पायऱ्या उतरलो.

पुढे कोझिकोडच्या अपघाताचा चौकशी अहवाल वाचला आणि ती मान डोलावल्याची फार खंत वाटली.

७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान तिथल्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून खाली कोसळले. २१ जण गेले. धावपट्टी ८,८५८ फुटांची, चाके टेकली ४,४३८ फुटांवर. तीही पावसात, मागून वारा असताना. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चला, असे म्हटले होते. तसे म्हटल्यावर विमान पुन्हा वर न्यायलाच हवे, असा नियम आहे. मंगळुरूला २२ मे २०१० रोजी झालेल्या अपघातातही सहवैमानिकाने तीनदा तेच सांगितले होते. तिथे १५८ माणसे गेली.

बातम्यांत उरले ते ‘वैमानिकाची चूक’ हे दोन शब्द. चूक झाली, हे अहवाल स्पष्टच सांगतो. पण तो तिथे थांबत नाही. कोझिकोडला उतरण्याच्या पहिल्या, फसलेल्या प्रयत्नातच कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळचे विमानही त्यांनाच न्यायचे होते, कारण कंपनीच्या कोझिकोड तळावर सहवैमानिक २६ आणि कॅप्टन एकच. विमान दुसरीकडे वळवले असते, तर ते जमले नसते. कॅप्टन दीपक साठे नागपूरचे, हवाई दलात मुरलेले. अशा माणसालाही विमान आत्ताच उतरवले पाहिजे असे का वाटले असेल, याचे उत्तर कामाच्या त्या वाटपातही शोधावे लागते. अपघाताचा तपास दोषी ठरवण्यासाठी नसतो, पुढचा अपघात टळावा म्हणून असतो, असे आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात. मग वायपरची आणि ड्युटीची पाने वाचकांपर्यंत का पोहोचत नाहीत?

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, ऐन पावसात, सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत. ओझरला विमानांची आणि पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्यांची गर्दी होईल. उतरता उतरता विमान परत वर गेले तर घाबरू नका, वैमानिकावर चिडू नका, हे विमानतळावर मराठीत लिहून लावायला किती खर्च येणार? आणि आपण अशा अहवालांतील महत्त्वाची पाने सोप्या मराठीत क्रमशः छापावीत, ही कळकळीची विनंती. सुरुवात कोझिकोडपासून करावी.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक