सन्मानाचे नाव आणि हाडांचा आधार

महोदय,

नव्या डायनासोरच्या बातमीत तो अमुक शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ ओळखला जाईल, हे वाक्य हमखास असते. ते नाव कोणत्या हाडांवर उभे आहे, हे मात्र क्वचितच छापले जाते. वाचकाला मग हा प्रकार चौकाला नाव देण्यासारखा वाटतो, यात नवल नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या डोंगरगावला, लमेटा नावाच्या, डायनासोरच्या काळातील खडकांच्या थरांत, भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पथकाला एका अजस्र शाकाहारी डायनासोरचा सांगाडा मिळाला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याला ‘टायटॅनोसॉरस कोल्बर्टी’ हे नाव दिले. ज्यांचा हा सन्मान, ते अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ एडविन कोल्बर्ट तेव्हा नव्वदी ओलांडून हयात होते. शिवालिक टेकड्यांतील सस्तन प्राण्यांवर त्यांनी १९३५ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला होता. शिवाय, भारत आणि दक्षिण आफ्रिकेत सापडणारा लिस्ट्रोसॉरस हा जमिनीवर राहणारा प्राचीन प्राणी १९६९ मध्ये अंटार्क्टिकावरही त्यांच्या पथकाला मिळाल्याने हे भूखंड एकेकाळी जोडलेले होते, या मताला बळकटी आली.

पुढे २००३ मध्ये नावातला पहिला शब्द असलेली ‘टायटॅनोसॉरस’ ही प्रजातीच (जवळच्या जातींचा गट) टिकण्याजोगी नसल्याचे दोन संशोधकांनी दाखवून दिले, कारण तिचा मूळ आधार असलेल्या शेपटीच्या मणक्यांत वेगळे ओळखू येईल असे काही उरले नव्हते. डोंगरगावच्या सांगाड्याला कवटी नसली तरी मान, पाठ, कंबर आणि पुढच्या पायाची हाडे होती. म्हणून त्याला ‘इसिसॉरस’ हे नवे प्रजातिनाम मिळाले आणि ‘कोल्बर्टी’ हे जातिनाम कायम राहिले. जवळच्याच पिसदुऱ्याच्या शेपटीच्या मणक्यांवरून रिचर्ड लिडेकर यांनी १८७९ मध्ये भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड यांच्या नावे केलेली ‘ब्लॅनफर्डी’ ही जाती मात्र आज संशयास्पद गणली जाते. ब्लॅनफर्ड यांचे कार्य काही कमी नव्हते. हाडेच अपुरी पडली. खुद्द जैन यांचा सन्मान जबलपूरच्या ‘जैनोसॉरस’मध्ये आहे, आणि ते नाव वाचून त्याचा संबंध धर्माशी जोडणारेही भेटतात!

तेव्हा विनंती एवढीच, की अशा बातमीत प्राण्याचे पूर्ण द्विपदी (प्रजाती आणि जाती असे दोन शब्दांचे) नाव, ज्यांच्या नावे ते दिले त्यांचे कार्य आणि नमुन्यात नेमकी कोणती हाडे आहेत, या तीन गोष्टी दोन-दोन ओळींत तरी द्याव्यात.

आपला,
एक वाचक, नागपूर