फुकटच्या गाण्यांचा हिशेब

संपादक महोदय,

गणपती जवळ आले की मंडळाची पोरं पेन ड्राइव्ह घेऊन दारात हजर. 'काका, तुमच्याकडची सगळी गाणी भरून द्या!' मीही कैक वर्षं हौसेनं दिली. (त्याआधी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घ्यायचो. पैसे दुकानदाराला, गीतकाराला दमडी नाही.)

'कंपन्याच गब्बर होतात, कलाकाराला काय मिळतं?' असं मीही म्हणायचो. पूर्वी त्यात तथ्य होतं, एकरकमी मानधन देऊन सगळे हक्क लिहून घेतले जात. पण कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला आपला वाटा निर्मात्याला किंवा कंपनीला लिहून देताच येत नाही. फुकट उतरवलेल्या गाण्यावर मुळात रॉयल्टीच नाही, मग वाटा कसला?

बाजारात कुठेच न मिळणाऱ्या जुन्या तबकड्यांचं मात्र वेगळं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो; तोवर तबकडी झिजून जाते. ती जपून इतरांना ऐकवणाऱ्या संग्राहकाला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कायदा काहीही म्हणो.

यंदा पोरांना पेन ड्राइव्ह रिकामाच परत दिला. फुगून गेली आहेत.

– एक वाचक, सातारा