उत्तर श्रीलंकेत कृत्रिम पायांच्या कामासाठी माणसं आणि साहित्य हवं आहे

नमस्कार,

श्रीलंकेतलं यादवी युद्ध मे २००९ मध्ये संपलं. जाफना, किलिनोच्ची, मुल्लैतिवू या भागांत सुरुंगांनी आणि तोफगोळ्यांनी अनेकांचे पाय नेले. भारत सरकारने २०१० मध्ये वावुनियाजवळच्या मेनिक फार्म छावणीत जयपूर फूटचं (रबरी पाऊल असलेल्या कृत्रिम पायाचं) शिबिर घेतलं, इतरांनीही पाय बसवून दिले. पण कृत्रिम पाय जन्मभर पुरत नाही. साधारण तीन ते पाच वर्षांत तो बदलावा लागतो, आणि भाताच्या चिखलात किंवा खाऱ्या पाण्यात राबणाऱ्याचा त्याही आधी. रबर फाटतं, पट्टे तुटतात. वजन थोडं कमी-जास्त झालं की सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कप, टोचायला लागतं, जखम होते, आणि तो पाय घराच्या कोपऱ्यात पडून राहतो. मग पुन्हा कुबड्या.

म्हणून पाय वाटून, फोटो काढून परत येण्याचं शिबिर आम्हाला भरवायचं नाही. जाफन्यात जयपूर पद्धतीचं काम १९८७ पासून चालू आहे, तिथल्या कारागिरांना आपण काही नवं शिकवावं असंही नाही. त्यांच्या हाताखाली, त्यांच्या वेळापत्रकाने काम करणारी माणसं आमच्या मंडळाला मिरजेहून पाठवायची आहेत.

प्रॉस्थेटिक तंत्रज्ञ (कृत्रिम पाय बनवून बसवणारे) आणि फिजिओथेरपिस्ट यांची सर्वांत जास्त गरज आहे. माप, साचा, फिटिंग, चालण्याचा सराव आणि पुन्हा दुरुस्ती, हे आठवडाभरात उरकत नाही. निदान दोन महिने देता आले तरच नाव द्या. धारावी, माटुंगा, सायनकडच्या तमिळ बोलणाऱ्या मंडळींना विशेष विनंती आहे. दुखतंय कुठे, हे दुभाष्याशिवाय समजलं तर निम्मं काम सोपं होतं. नुसती कणव घेऊन येऊ इच्छिणाऱ्यांनी कृपया इथे राहूनच मदत करावी.

जाणाऱ्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की ठेवावी. १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेना तिथे होती. आपल्याकडच्या घरांनी त्यात जवान गमावले, आणि तिथल्या घरांनीही माणसं गमावली. त्या आठवणी कडू आहेत. कोणी बोललं तर ऐकून घ्यायचं, वाद घालायचा नाही. कोण कुणाच्या बाजूने लढलं हे विचारायचं नाही. बेपत्ता मुलांचे फोटो घेऊन किलिनोच्चीत आया फेब्रुवारी २०१७ पासून आंदोलनाला बसल्या. अशा घरात पाऊल टाकताना मोबाइल खिशातच राहू द्या.

ज्यांना जाणं शक्य नाही त्यांनी स्टंपवर (पायाच्या उरलेल्या भागावर) घालायचे सुती मोजे, चांगल्या कुबड्या, चामडी पट्टे किंवा प्लास्टर बँडेज द्यावं. वापरलेल्या वस्तू चालतील, मोडक्या नकोत. रोख देणगीतून सॉकेटचे पाइप, रबरी फूट आणि जाणाऱ्यांचा प्रवासखर्च भागेल. या कामासाठीच्या देणगीवर आयकराची सवलत मिळणार नाही, हे आधीच सांगतो. पावती प्रत्येकाला मिळेल आणि हिशेब कार्यालयाच्या फलकावर लावला जाईल.

साहित्य आणि नावं मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत स्वीकारली जातील. नाव देताना पासपोर्टची मुदत तपासून या.