पुढचा कॅमेरा मांडवात टिकला पाहिजे

पांढरकवडा,
जूनचा पहिला आठवडा

प्रिय गड्या,

पुढच्या कॅमेऱ्यात काय हवं याची तुझी यादी पोचली. साठच्या वर मेगापिक्सेल, ८के व्हिडिओ, पिक्सेल शिफ्ट (सेन्सर किंचित सरकवत काढलेले फोटो जोडून एक बारकाव्याचा फोटो) आणि आणखी मोठा व्ह्यूफाइंडर. दागिन्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाने याहून वेगळं काय मागावं? पण शेवटी लिहिलंस की पुढच्या फुलफ्रेम कॅमेऱ्यात गावाकडच्या फोटोवाल्यांना काय पाहिजे तेही कळव, म्हणून बसलो लिहायला. लग्नाच्या तिथी सरल्या, लोक बियाण्याच्या मागे लागले. स्टुडिओत आता शाळेच्या पासपोर्ट फोटोंशिवाय गिऱ्हाईक नाही. तेव्हा पत्र लांबलं तर सांभाळून घे.

माझं पहिलं भांडण माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानाशी आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीत तिथे एक बारीक ओळ असते: वापरण्याचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस. तुम्ही लोक मेगापिक्सेल वाचता, ऑटोफोकसचे पॉइंट मोजता, ही ओळ कोणी वाचत नाही. आपल्याकडे मे महिन्यात चाळीस अंश सकाळीच होऊन जातात. चंद्रपूर-ब्रह्मपुरीला पारा ४५ च्या पुढे गेला तर त्याची आता कोणाला नवलाई नाही. नागपुरात २०१३ च्या मे मध्ये ४७.९ नोंदलं गेलं होतं. म्हणजे कंपनीच्या हिशेबाने माझा अर्धा हंगाम कॅमेऱ्याच्या हद्दीबाहेरच चालतो.

नुसते फोटो काढायचे तर एवढ्यातही निभावतं. अडतं ते व्हिडिओला. ४के मध्ये सेकंदाला साठ फ्रेम घ्यायच्या म्हटलं की सेन्सर आणि प्रोसेसर दोघंही तापतात. ही उष्णता बाहेर जायला नवीन कॅमेऱ्यांत वाट कमीच. धूळपाणी शिरू नये म्हणून बॉडी चहूकडून बंद. त्यात हादरे शोषायला सेन्सर अधांतरी तरंगता ठेवलेला, त्यामुळे त्याची गर्मी बॉडीच्या धातूपर्यंत धड पोचत नाही. यंदा एका लग्नात भरदुपारी, हार घालायच्या नेमक्या वेळी, माझ्या मिररलेसच्या, म्हणजे बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्याच्या, स्क्रीनवर थर्मामीटरचं चिन्ह आलं आणि तो गपकन बंद झाला. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्याच थोड्याफार तशा. नवरदेवाचा मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काहून थांबले भौ? काढा नं लवकर!" त्याला काय सांगू, की भौ, कॅमेऱ्याला ऊन लागलं म्हणून? बाजूला जंबो कूलर होता. त्याच्यासमोर कॅमेरा धरावा तर हवेबरोबर पाण्याचे तुषार येतात. शेवटी पोराने दुपट्ट्याची सावली धरली आणि मी जुना आरशाचा डीएसएलआर काढून फोटोंवर काम भागवलं.

हे सुटण्यासारखं नाही असंही नाही. पॅनासॉनिकने २०१९ मध्ये एस१एच काढला, त्याच्या पोटात पंखा होता आणि तरी बांधणी धूळ-तुषार सोसणारी होती. कॅननने २०२२ मध्ये आर५ सी काढला, त्यालाही पंखा. पण दोन्ही कॅमेरे सिनेमावाल्यांसाठी, भाव त्यांच्याच खिशाचा. मला म्हणायचंय की साध्या, मधल्या भावाच्या बॉडीत ही सोय द्या. दोन-चारशे ग्रॅम वजन वाढलं तर आम्ही उचलू. आमच्या खांद्याला सवय आहे.

आता उजेडाचं ऐक. आपल्या लहानपणी मांडवात ट्यूबलाइटी आणि हॅलोजन असायचे. वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकणार, शटर एकशंभरांशावर ठेवलं की भागलं. आता तालुक्याच्या कोपऱ्यातल्या लग्नातसुद्धा स्टेजमागे एलईडीची भिंत, वर 'पार' म्हणतात ते एलईडीचे रंगीत दिवे, आणि वरातीत डीजेच्या गाडीवर शार्पी, म्हणजे फिरत्या झोताचे दिवे. हे दिवे मंद करायचे म्हणजे ते अतिशय वेगाने चालू-बंद करतात, आणि प्रत्येक दिव्याचा वेग वेगळा. सेन्सर वरून खालपर्यंत ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्यात दिवा कितीदा तरी विझून पेटलेला असतो. फोटोत नवरीच्या गालावरून काळे पट्टे जातात. वरून तो उजेड जांभळा. मेकअपवालीने दोन तास खपून केलेलं सगळं जांभळ्यात बुडतं आणि नाव फोटोवाल्याचं खराब होतं.

यावर खरा उपाय म्हणजे सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचणारा ग्लोबल शटर. सोनीने तो २०२३ च्या नोव्हेंबरात ए९ थ्री मध्ये आणला, फुलफ्रेममध्ये पहिल्यांदाच. त्यात फ्लॅशही कुठल्याही शटरवर जुळतो. हे तुला स्टुडिओत फारसं जाणवणार नाही, पण भरउन्हात शेताच्या बांधावर जोडप्याचा फोटो काढताना माझा डीएसएलआर १/२०० च्या वर फ्लॅश नीट जुळवत नाही. मग अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बारीक करत न्यायचं आणि मागची तुरी-पऱ्हाटी नको तेवढी ठळक येऊ द्यायची. ग्लोबल शटरची किंमत म्हणून त्या कॅमेऱ्यात मूळ आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) २५० पासून सुरू होतो आणि अंधार-उजेडाचा आवाका थोडा आखडतो. ते मी चालवून घेईन. त्याच्या किमतीचं मात्र नाव काढू नको.

वरातीतल्या लेझरचं तुम्ही पुण्याकडचे कोणी बोलत नाही याचं नवल वाटतं. डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे आरसा असतो, शटर दाबल्यावरच सेन्सर उघडा पडतो. मिररलेसमध्ये तो चालू असेस्तोवर डोळे फाडून बघत असतो. लेझरचा झोत थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमचा ठिपका किंवा अख्खी रेघ पडू शकते. कंपन्या सूचनापुस्तिकेत 'लेझरकडे रोखू नका' एवढं छापून मोकळ्या होतात. पण वरात माझ्याकडे येते, मी वरातीकडे नाही. लेझरचा झोत आला की डोळ्याची पापणी मिटावी तसं काही करणारा कॅमेरा कोणी काढला तर मी त्याची पूजा घालीन.

ऑटोफोकसचं म्हणशील तर कौतुकच आहे. डोळा पकडणं ही गेल्या काही वर्षांतली सगळ्यात मोठी सोय, मी नाही म्हणत नाही. सोनीच्या ए७आर फाइव्हला २०२२ पासून पक्षी, गाडी, आगगाडी, विमान, एवढंच काय, किडासुद्धा ओळखता येतो. पण बाशिंगाआडचा नवरदेव ओळखता येत नाही. कपाळावरून दोन्ही गालांवर मुंडावळ्या लोंबतात, त्यातले मोती चमकतात, आणि चौकट डोळ्यावरून उडी मारून मोत्यावर जाऊन बसते. मागच्या स्क्रीनवर फोटो छान दिसतो. घरी येऊन मोठा केला की मोती धारदार आणि डोळा मऊ. त्यात नवरदेव मान हलवतोय, शेजारी करवली वाकून काहीतरी सांगतेय, आणि मागे दहा माणसं तोंड पुढे करून उभी. अशा वेळी मी सरळ एकच पॉइंट डोळ्यावर ठेवतो आणि आपल्या जुन्या पद्धतीने काढतो. किडे ओळखायला शिकवणाऱ्यांनी आपल्याकडच्या चार लग्नांचे फोटोही त्या यंत्राला दाखवावेत, एवढंच मागणं आहे.

आणखी एक गोष्ट, ती तुलाही पटेल. नवरीचा लाल शालू. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, मूळ रॉ फाइलचा (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलचा) नसतोच, तो जेपीईजीच्या नमुन्यावरून काढलेला असतो. व्हाइट बॅलन्स आणि पिक्चर स्टाइल लावल्यावर लाल रंग फुगतो, हिस्टोग्राम सांगतो की शालूच्या लालातले बारकावे उडाले, म्हणून आपण एक्स्पोजर कमी करतो. रॉ मध्ये बघावं तर लालात अजून जागा असते आणि सावळ्या चेहऱ्यावर मात्र उगीच दाणे आलेले. पिवळ्या कापडाच्या मांडवात, हळदीच्या वेळी, तर त्या हिस्टोग्रामवर काडीचा भरवसा ठेवता येत नाही. रॉ चा खरा हिस्टोग्राम दाखवायला नवा सेन्सर लागत नाही, काही लागत नाही. हे काम फर्मवेअरचं, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या प्रोग्रामचं. फोटोवाले इतकी वर्षं मागताहेत आणि कंपन्या का देत नाहीत हे देवच जाणे.

मेगापिक्सेलवर मी तुझ्याशी वाद घालणार. आमचा करिज्मा अल्बम १२ बाय ३६ इंचांचा. त्याच्या एका बाजूचं पान १२ बाय १८, ३०० डीपीआयने ३६०० गुणिले ५४०० पिक्सेल. चोवीस मेगापिक्सेलची फ्रेम ६००० बाय ४००० ची असते, पान भरून वर उरते. साठ मेगापिक्सेल घेऊन मी काय करू? हार्ड डिस्का विकत घेत बसू? आमचं गिऱ्हाईक वर्षभर अल्बम न्यायला येत नाही, तोवर फाइली मलाच सांभाळाव्या लागतात. अगदी द्यायचेच असतील तर कॅननच्या ५डी मार्क टू मध्ये २००८ साली होती तशी लहान रॉ ची सोय तरी धड ठेवा.

कार्डाला दोन खाचा हव्यातच, आणि दोन्ही एसडीच्या. २०१८ मध्ये निकॉनने झेड६-झेड७ आणि कॅननने ईओएस आर एकाच खाचेचे काढले तेव्हा जगभरचे लग्नवाले ओरडले ते उगीच नाही. लग्न परत लावता येत नाही (आपल्या वर्गातल्या एकाने लावलं, ती गोष्ट वेगळी). सीएफएक्सप्रेस जातीचं कार्ड कितीही वेगवान असो, आयत्या वेळी कार्ड दगा देतं तेव्हा पांढरकवड्याच्या मोबाइल दुकानात एसडीच मिळतं.

सायलेंट शटरला मी आधी हसायचो. डीजेपुढे कसला आलाय आवाज! पण गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गेलो, तिथे मौन श्रद्धांजलीच्या वेळी एवढा अफाट जनसमुदाय जागच्या जागी स्तब्ध उभा राहतो. त्या शांततेत आरशाची खटखट मलाच सोसवेना, मी बोट काढून घेतलं. तेव्हापासून माझ्या यादीत सायलेंट शटर आहे. पण तो पट्टे न पाडणारा पाहिजे, म्हणजे पुन्हा वेगाने वाचला जाणारा सेन्सर आलाच.

धुळीचं थोडक्यात. जिनिंगमध्ये काम असलं की रुईचे तंतू हवेत तरंगत असतात, टिपेश्वरच्या जंगलात पुढच्या जिप्सीचा फुफाटा. लेन्स बदलायची म्हणजे छातीत धस्स होतं. कॅननने ईओएस आर मध्ये कॅमेरा बंद केला की शटर मिटायची सोय दिली, निकॉनच्या झेड९ ला वेगळा पडदाच आहे. प्रत्येक मिररलेसला असं काहीतरी पाहिजे, यात मागायचं काय? स्क्रीनही बाजूला उघडणारी नको, जागच्या जागी वर उचलली जाणारी पाहिजे. मंगलाष्टकाला पुढे पन्नास मोबाइल वर आलेले असतात, त्यांच्या वरून दोन्ही हातांनी कॅमेरा धरताना लेन्सच्या रेषेतच बघता आलं पाहिजे.

बॅटरीत मात्र माणसं सुधारली. सिपा या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या मोजणीत निकॉनचा डीएसएलआर डी७५० एका बॅटरीत १२३० फोटो देतो, सोनीचा २०१३ चा पहिला मिररलेस ए७ देत होता ३४०, आणि २०१८ च्या ए७ थ्रीने ७१० पर्यंत मजल मारली. आता यूएसबी-सीने पॉवर बँकवर चालतो तेवढं पुरे. लाइन गेली आणि जनरेटरवाला डिझेल आणायला गेला की त्याचं महत्त्व कळतं.

सगळं जमवलं तर माझा कॅमेरा म्हणजे डी७५० चा शहाणा, उन्हाला न भिणारा नातू. असा कोणी काढला तरी नवा घेणं माझ्याच्याने होणार नाही. बॉडी दोन लाखांच्या घरात धर. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये, म्हणजे बॉडीलाच जवळजवळ पंचवीस क्विंटल कापूस गेला, लेन्स अजून बाकी. कोरडवाहूत एवढा कापूस किती एकरांत होतो ते तुला सांगायला नको, तुझ्या घरचीही शेती आहे.

म्हणजे होणार असं, की तू आज मागशील तो कॅमेरा चार-पाच वर्षांनी सेकंडहँड होऊन माझ्या गळ्यात पडणार. आमच्या तालुक्यातले बहुतेक स्टुडिओ असेच चालतात, पुण्या-मुंबईच्या उतरणीवर. म्हणून तुझ्या यादीत हात घालायचा मला हक्क आहे. ८के ठेव, पिक्सेल शिफ्ट ठेव, फक्त त्यात पंखा, दोन एसडी आणि सेन्सरवरचा पडदा घाल. आणि वापरताना शटर जपून वाजव.

तुझा तो जुना ७०-२०० लेन्स विकायचा म्हणत होतास. विकला नसशील तर आधी आतली काच टॉर्च लावून बघ, बुरशी नसेल तर दिवाळीला येताना घेऊन ये. भाव समोरासमोर ठरवू. वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा,
फोटोवाला