सेदुनाहून आई-बाबांना

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

नलारबॉरचं पठार ओलांडून काल सेदुनाला पोचलो. पर्थपासून मेलबर्नच्या घरापर्यंतचा निम्म्याहून जास्त रस्ता मागे पडला. चौघंही ठणठणीत आहोत. हे आधी सांगून टाकते, म्हणजे आई पुढचं शांतपणे वाचेल.

बाबा, रस्त्याचं खास तुमच्यासाठी. बालडोनिया आणि कैगुना यांच्या मध्ये सलग १४६ किलोमीटर एकही वळण नाही! तुमची कोल्हापूर-रत्नागिरी गाडी आंबा घाट उतरून मुक्कामी लागली असती, तरी इथलं स्टिअरिंग जिथल्या तिथे. "झोप घाटात येत नाही, सपाटीला येते," असं तुम्ही म्हणायचात. ते ध्यानात ठेवून आम्ही दोघं आलटून पालटून चालवत होतो. अंधार पडला की कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून दिवस मावळायच्या आत मुक्काम. रोड ट्रेन म्हणजे दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रक. तो बाजूने गेला की वाऱ्याने कॅरॅव्हान, म्हणजे आमचं गाडीमागचं चाकांवरचं घर, आधी बाहेर ढकलली जाते, मग त्याच्याकडे ओढली जाते. स्टिअरिंग घट्ट धरून सरळ राहायचं, बस. मागून आला तर गाडीतल्या दुतर्फा बोलायच्या रेडिओच्या ४० नंबर चॅनलवर त्याला सांगायचं, मी वेग कमी करते, तू पुढे हो. पुढे गेल्यावर तो आभार मानतो. तुम्हाला ही माणसं फार आवडतील.

आई, "तिकडे रानात काही झालं तर?" असं तू विचारलं होतंस. या हायवेवर काही ठिकाणी डांबरावरच धावपट्टीचे पांढरे पट्टे मारलेत. गरज पडली तर रस्ता अडवून फ्लाइंग डॉक्टरांचं विमान तिथेच उतरतं.

फळमाशी येऊ नये म्हणून सेदुनाच्या अलीकडे गाडी तपासतात, फळं-टोमॅटो पुढे नेऊ देत नाहीत. आदल्या रात्रीच सगळे टोमॅटो आणि मिरच्या संपवायच्या होत्या. टोमॅटोचं सार, मिरचीचा ठेचा आणि भाकरी. ज्वारीचं पीठ पर्थमध्ये मिळालं होतं. बाहेर मिट्ट काळोख, एवढे तारे की पोरं जेवायला आत येईनात.

पण खरं सांगायचंय ते देवमाशांचं. सेदुनाच्या आधी समुद्रकाठी हेड ऑफ बाइट म्हणून जागा लागते, तिथे कड्यावरच्या लाकडी वाटेवरून खाली बघितलं, तर मायलेकरं अगदी किनाऱ्याजवळ. आईच्या डोक्यावर पांढरे खरखरीत चट्टे. पिल्लू तिच्या पाठीवर चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. ती हलतसुद्धा नव्हती. दूर दक्षिणेच्या थंड समुद्रातून या माद्या इथे बाळंतपणाला येतात आणि पिल्लू अंगावर पीत असताना स्वतः जवळजवळ काही खात नाहीत, साठवलेल्या चरबीवर दिवस काढतात. हे कळल्यावर मला तिथून हलवेना. आई, तू शेजारी हवी होतीस गं.

जून ते सप्टेंबर हे देवमासे तिथे असतात. पुढच्या वर्षी त्या सुमारास तुम्ही दोघांनी यायचंच. बाबा, गुडघ्यांचं कारण देऊ नका. कॅरॅव्हानमध्ये पलंग आहे, संडास आहे, वाटेल तिथे थांबता येतं, आणि पुढची सीट तुमची. कपाटातले दोघांचे पासपोर्ट काढून मुदत कधीपर्यंत आहे ते रविवारी फोनवर सांगा. घरी पोचले की व्हिसाच्या कागदपत्रांना लागते.

तुमची,
मनू