दाओच्या धारकाला म्यान म्हणू नका

संपादक महोदय,

हिवाळ्यातल्या हस्तकला प्रदर्शनांतून नागालँडचा दाओ (कोयत्यासारखे रुंद पात्याचे हत्यार) आणि तो कमरेला बांधण्याचा लाकडी धारक नागपुरातल्या अनेक घरांत येतो. चिठ्ठीवर बऱ्याचदा ‘लाकडी म्यान’ असे लिहिलेले असते. आयोजकांनी हा शब्द बदलावा, ही कळकळीची विनंती. म्यान म्हटले की घेणारा त्याला झाकण शोधतो, किंवा पुढची उघडी बाजू फळीने बंद करून द्या म्हणून सुताराकडे घेऊन येतो.

दाओ हे नागा घरातले रोजचे हत्यार. सरपण फोडणे, बांबू चिरणे, झूम शेतीसाठी (रान तोडून-जाळून करायची फिरती शेती) रान साफ करणे, सगळे त्यानेच होते. लांबी साधारण 45 सेंमी. पाते मुठीजवळ अरुंद, पुढे रुंद होत गेलेले आणि टोकाला जवळपास सरळ कापलेले. धार पटाशीसारखी एकाच अंगाने काढलेली. असे पाते बंद म्यानात घालायचे तर म्यान तोंडापासूनच टोकाइतके रुंद हवे, मग मुठीकडचा अरुंद भाग आत खडखडत राहणार. ओल्या बांबूचा रस आणि माती आत साचणार ती वेगळीच. म्हणून ठोकळ्यात उघडी खाच, तीवर वेताची कडी आणि कमरेला पट्टा. कचरा-पाणी आपोआप गळून जाते, हात मागे नेला की मूठ सापडते. कोकणात माडावर चढणारा गडी कमरेमागे आकडी बांधून तिच्यात कोयता अडकवतो, हे त्याच जातीचे काम. मराठीत आयता शब्द आहे: दाओची आकडी.

नमुना पाहून नवी करून घ्यायची असेल तर लाकूड शिवणीचे घ्यावे. शिवण ईशान्येतही होते आणि विदर्भातही. हलकी, फारशी न पिळणारी, पटाशीला मऊ. बाभूळ टाळावी; तिच्यातल्या टॅनिनने दमट दिवसांत लोखंड काळे पडून गंजते. ठोकळा 4 सेंमी जाड आणि पात्याच्या सर्वांत रुंद भागाहून 3 ते 4 सेंमी जास्त रुंद असावा. खाचेत धारेच्या बाजूला 4 मिमी मोकळी जागा सोडावी, नाहीतर प्रत्येक वेळी पाते काढताना धार भिंतीला घासते; भिंत कापली जाते आणि धारही बोथट होते. कडीची भोके कडेपासून 1 सेंमी आत घ्यावीत. त्याहून जवळ घेतली की वेत आवळताना ठोकळा रेषेत उकलतो.

वेत रात्रभर भिजवून ओलाच बांधतात आणि इथेच बहुतेकांचे चुकते. वाळताना तो आवळतो. पात्यावर जाड पुठ्ठ्याचे दोन थर गुंडाळून, ते खाचेत ठेवूनच कडी बांधावी. रिकाम्या खाचेवर बांधलेल्या कडीतून दुसऱ्या दिवशी टोक जात नाही.

खरा घात मात्र नागपूरचा उन्हाळा करतो. ओलसर डोंगराळ हवेतले लाकूड मे महिन्यात 45 अंशांच्या कोरड्या हवेत आले की दोन्ही टोकांकडून तडकते, कारण आडव्या कापातून ओल सर्वांत लवकर उडते. कूलरसमोरच्या भिंतीवर टांगले तर आणखी वाईट: एक अंग ओले, एक कोरडे, आणि ठोकळा वाकतो. मार्चमध्येच कच्चे जवसाचे तेल पातळ लावावे, टोकांना दोनदा. वीस मिनिटांनी उरलेले पुसून घ्यावे आणि पुढचा हात दोन-तीन दिवसांनी द्यावा. गोडेतेल नको, ते चिकट होऊन धूळ धरते. तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, जवसाच्या तेलाने ते आपोआप पेटू शकते. पसरून बाहेर वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

बारीक चीर पडली तर लांबी (पुटी) किंवा फेविकॉल भरू नका. पावसाळ्यात लाकूड फुगून चीर मिटू पाहते, भरलेला थर तिला मिटू देत नाही आणि बाजूला नवी चीर निघते. वेताचे दोन वेढे पुरतात. जुलै ते सप्टेंबर पाते आकडीतून काढून, पुसून, वेगळे ठेवावे.

– लाकूडकाम करणारे काही वाचक, नागपूर