उडीद इडलीपुरताच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कडधान्यांवर पानभर मजकूर आला. मूग, मटकी, मसूर, सगळ्यांचं कौतुक झालं. उडदाच्या वाट्याला मात्र एकच ओळ: वातूळ, पचायला जड, बेतानेच खावा. मी बेळगावात, शहापुरात, कॉलेजच्या मुलांना डबे पुरवते आणि माझं माहेर चिकोडी तालुक्यातलं. तेव्हा ही ओळ माझ्या जिव्हारी लागली.

उडीद जड आहे हे खरं, वातूळ मात्र नव्हे. चरकसंहितेत शेंगधान्यांमध्ये मूग सगळ्यात पथ्याचा आणि उडीद सगळ्यात कुपथ्याचा म्हटलाय, तेही मान्य. पण त्याच ग्रंथात उडीद वातहर, स्निग्ध आणि बळ देणारा असल्याचंही लिहिलंय. अर्धंच वाचून बिचाऱ्याला पंगतीतून कशाला उठवायचं? शंभर ग्रॅम डाळीत २४-२५ ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय फोलेट, लोह, मॅग्नेशियम. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यातलं लायसिन भाकरी-भातात कमी, ते डाळीत भरपूर. तसाच दुसरा घटक मेथिओनिन डाळीत कमी, तो धान्यातून मिळतो. वर लिंबू पिळलं तर लोह अंगी लागायलाही मदत होते.

आमच्याकडे उडदाचं घुटं करतात, म्हणजे घोटलेली दाट आमटी. घुट्याला सालाचीच डाळ लागते. खमंग वास सुटेपर्यंत कोरडी भाजायची, धुऊन मऊ शिजवायची आणि गरम असतानाच रवीने घोटायची. पळी उचलली की तार धरली पाहिजे, तोवर हात थांबवायचा नाही. मग लसूण, जिरं, ठेचलेली हिरवी मिरची आणि सुक्या खोबऱ्याची फोडणी. हळद मी घालत नाही, त्यामुळे रंग राखाडी येतो आणि नवी मुलं तो बघूनच नाक मुरडतात. अथणीकडचा कन्नड बोलणारा असो की खानापूरकडचा मराठी, सुरुवातीला डबा तसाच परत येतो. थंडी पडली की हीच पोरं भाकरी कुस्करून खातात आणि दारातून विचारतात, "काकू, आज घुटं आहे काय?"

आता शहरात उडीद म्हणजे पांढरी, साल काढलेली डाळ. ती इडली-डोशाच्या पिठात जाते, आणि तिथेही एक वाटी डाळीला तीन वाट्या तांदूळ. पीठ फुगतं, इडली हलकी होते ते डाळीच्या चिकटपणामुळे वायू आत धरून राहतो म्हणून. पण सालाबरोबर चोथा गेला तो गेलाच. राहिला पापड. तो मी स्वतः लाटते, पण पापडखार आणि मिठाने भरलेला तो पदार्थ कुणी कडधान्यात मोजू नये.

माहेरी पूर्वी पावसाळी उडीद असायचा. सत्तर-नव्वद दिवसांत रान मोकळं होतं, मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत धरतात, आणि उडदाच्या बेवडावर, म्हणजे उडीद निघालेल्या रानात, शाळू चांगला येतो. आता तिथे ऊस नाहीतर सोयाबीन. शेतकऱ्याला दोष देत नाही. भादव्यात काढणीला पावसाने गाठलं की शेंगेतच दाणे उगवतात, आणि पांढऱ्या माशीने केवडा रोग आणला की पान न् पान पिवळं. आपला देश म्यानमारहून उडीद आणतो आणि आपण त्याचे डोसे खातो!

माझं म्हणणं एवढंच, की वसतिगृहांत आणि शाळेच्या जेवणात रोजच्या तुरीच्या सांबाराऐवजी आठवड्यातून एकदा सालाच्या उडदाचं घुटं द्यावं. सहकारी सोसायटीच्या आणि किराणा दुकानांत सालाची डाळ समोर मांडावी. सध्या ती मागितली की दुकानदार आतल्या पोत्यात शोधत बसतो. ज्यांना जड जाते त्यांनी रात्री खाऊ नये, दुपारी खावी, हिंग-आलं घालावं.

पुरवणीसाठी घुट्याची कृती हवी असेल तर वजन-मापासकट लिहून पाठवते. त्यात टोमॅटो घालायचा आग्रह तेवढा आपल्या पाककृती विभागाने धरू नये.

आपली नियमित वाचक,
शहापूर, बेळगाव